वाचकांचे प्रश्न : उसाच्या बिलातून गेमिंग कॉम्प्युटर

प्रश्न : आम्ही अंथुर्ण्याचे. अडीच एकर ऊस आहे. मुलगा बारावी होऊन यंदा बारामतीला इंजिनिअरिंगला लागला. त्याला घरी कॉम्प्युटर हवा आहे. अभ्यासाला हवा आणि गेम खेळायलाही हवा, हे त्याने माझ्यापासून लपवलं नाही. उसाच्या बिलातून मी साठ हजार बाजूला ठेवले आहेत. ओळखीच्या दुकानदाराने चिठ्ठी लिहून दिली आहे, तिचा फोटो जोडला आहे. आय फाइव्ह थर्ड जनरेशन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस, लाइटवालं कॅबिनेट, मॉनिटर, सगळे मिळून ३६ हजार. पक्कं बिल हवं तर वर १८ टक्के. दुसरा दुकानदार साठ हजारांचा संच महिना पाच हजारांच्या बिनव्याजी हप्त्याने देतो म्हणतो, रोख दिले तर सत्तावन्न. यजमान म्हणतात पीककर्जातून भागवू, उसाचे पैसे राहू देत. आणि मुलगा गेममध्ये पैसे लावायला लागला तर, ही भीती आहेच. काय करावं?
– एक भगिनी, अंथुर्णे, ता. इंदापूर

उत्तर : ताई, आधी चिठ्ठी बघू. ‘आय फाइव्ह’ हे नाव ऐकून चांगलं वाटतं, पण हे नाव दर पिढीत तेच राहतं आणि आतला प्रोसेसर बदलतो. थर्ड जनरेशन म्हणजे २०१२ चा. ऑफिसांतून निघालेले असे संच धुऊन-पुसून नव्या कॅबिनेटमध्ये बसवले जातात. विंडोज १० चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. मुलांच्या आवडीचा व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय असल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि त्या काळच्या मदरबोर्डवर ती नसते. म्हणजे ३६ हजार देऊन आणलेल्या संचावर विंडोज ११ टाकलं तर तो पहिल्याच संध्याकाळी मुलाला ‘नाही’ म्हणेल.

ग्राफिक्स कार्डापुढे नुसतं ‘४ जीबी’ लिहिलंय, मॉडेलचं नाव नाही. ४ जीबी हे कार्डावरच्या मेमरीचं माप झालं, कार्डाची ताकद त्यावरून कळत नाही. २०१४ चं जीटी ७३० हे कार्डही ४ जीबीत मिळतं आणि आजच्या गेमला ते पुरत नाही. नाव लिहून द्या म्हणा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर उठून या.

आता माझा सल्ला. साठ हजारांत सगळं एकदम बसवायचा हट्ट सोडा, कॉम्प्युटर दोन हंगामांत उभा करा. तुमच्या घरी पैसा कसा येतो? ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी असं कायदा सांगतो, पण पैसे तुकड्यातुकड्याने पडतात आणि शेवटचा हप्ता दिवाळीच्या तोंडावर येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. घरात पैसा असा येत असेल तर खरेदीही तशीच करावी.

पहिल्या टप्प्यात ग्राफिक्स अंगातच असलेला प्रोसेसर घ्या. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर अजून कामाचा आहे. वेगळं कार्ड न लावता त्यावर व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट नीट चालतात, सेटिंग थोडं खाली आणलं की जीटीए फाइव्हही चालतो, आणि कॉलेजचं कोडिंग-ड्रॉइंग तर सहज होतं. नावातलं शेवटचं अक्षर मात्र तपासा. इंटेलच्या प्रोसेसरला शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, आणि कार्ड नसताना मॉनिटर काळाच राहतो.

रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्या. असा प्रोसेसर चित्रं काढायला तीच रॅम वापरतो. दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन वाटा मिळतात आणि गेम उघड वेगाने पळतो. रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरसाठी कंपन्या मेमरी उचलत आहेत. म्हणून जुन्या व्हिडिओतल्या किमती धरून बसू नका. बारामतीतून एक आणि पुण्यातून एक असं ताजं लेखी कोटेशन घ्या. एसएसडी ५०० जीबीच्या खाली नको, एकटा जीटीए फाइव्ह शंभर जीबीहून जास्त जागा खातो. पट्ट्या लावायला जागा असलेला मदरबोर्ड, हवा खेळती राहील असं जाळीचं कॅबिनेट आणि साधा २४ इंची मॉनिटर एवढं पुरे. पाचट पेटवल्यावर तुमच्याकडे उडणारी काजळी आत शिरणारच, तेव्हा महिन्यातून एकदा कॅबिनेट उघडून ब्रशने साफ करायला मुलाला सांगा.

हात आखडायचा नाही तो एसएमपीएसला. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण वीज वर-खाली झाली तर तो स्वतः जळतो आणि मदरबोर्डलाही घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस ब्रॉन्झ’ लिहिलेला ५५० वॅटचा घ्या. पुढच्या हंगामात आठ जीबीचं, आरएक्स ६६०० च्या तोडीचं कार्ड बसवलं तर ते १३२ वॅट घेईल. प्रोसेसर ६५ आणि बाकी पन्नास धरले तरी एकूण भार अडीचशेच्या आत राहतो. मॉनिटर धरूनही ६०० व्हीएचा यूपीएस हा भार काही मिनिटं ओढतो, कारण त्याची ताकद साधारण ३६० वॅट असते. कालव्याला आवर्तन सुटलं आणि पंप एकदम चालू झाले की घरातले दिवे कसे मंदावतात ते तुम्ही रोज बघता. यूपीएस यासाठी लागतो. पुढे कार्ड जुनं घ्यायचं झालं तर क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेलं गळ्यात पडण्याचा धोका असतो, म्हणून वॉरंटी शिल्लक असलेलं आणि मूळ बिलासकटच घ्या.

बिलाचं आता. ३६ हजारांवर १८ टक्के म्हणजे ६,४८० रुपये. हे वाचवण्याचा मोह मी समजू शकतो. पण जुळवलेल्या संचात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, आणि ती मागताना बिल आणि सिरीयल नंबर लागतो. कच्च्या चिठ्ठीवर काहीच मिळत नाही. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत लिहिली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हेसुद्धा त्यातच मोडतं. प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. वाद झालाच तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथे मिटलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. विकणारा बंगळूरचा असला तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याच्या आयोगाकडे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

‘बिनव्याजी’ हप्त्याचा हिशेब तुमच्याच आकड्यांत आहे. रोख सत्तावन्न, हप्त्याने साठ. तीन हजार व्याज झालं, त्यावर पाचशे प्रोसेसिंग फी आणि तिचा नव्वद रुपये जीएसटी धरला तर ३,५९०. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, त्यामुळे वर्षाचा खरा दर साडेअकरा टक्क्यांच्या आसपास निघतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जासोबत मुख्य तथ्यांचा कागद देणं सक्तीचं आहे आणि त्यावर खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो मागा. पैसे हातात असताना हप्ता घेऊच नका.

पीककर्जाला हात लावू नका, हे यजमानांना माझ्या वतीने सांगा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर आपल्याकडे व्याज सवलतीमुळे शून्यावर येतं. ते कर्ज खत-बियाण्यासाठी आहे. त्यातून कॉम्प्युटर आणला आणि फेड चुकली तर सवलत जाते, पुढच्या वर्षी बँकेच्या दारात ताठ मानेने उभं राहता येत नाही.

आणि ती भीती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे, ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली आहे. तुमचा मुलगा जे खेळू पाहतोय ते जुगारात मोडत नाही. तरी गेममध्ये बंदुका, कपडे विकत घ्यायची सोय असते, आणि रक्कम छोटी असल्याने ती लक्षात येत नाही. ज्या खात्यात उसाचं बिल जमा होतं ते खातं, त्याचं कार्ड किंवा यूपीआय त्या कॉम्प्युटरवर कुठेही जोडू देऊ नका. मुलाला त्याच्या नावावर वेगळं खातं काढून द्या. त्याने तुम्हाला खरं सांगितलंय, तेव्हा हेही त्याला समजावून सांगितलं तर पटेल.

एक काम मात्र खरेदीच्या आधीचं आहे. गावाकडच्या पुष्कळ घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात त्या यामुळेच. या आठवड्यात वायरमनला बोलावून मीठ-कोळशाचा खड्डा घेऊन अर्थिंग करून घ्या, कॉम्प्युटर त्यानंतर घरात आणा.