वाचकांचे प्रश्न : क्रूझहून परतल्यावरचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत युरोपातली क्रूझ करून आलेल्या, आणि येत्या मे महिन्यात जाऊ पाहणाऱ्या नाशिककरांच्या पत्रांपैकी तीन पत्रं या वेळी घेतली आहेत. पहिलं पत्र मुद्दाम सविस्तर हाताळलं आहे, कारण त्यातली अडचण द्राक्षपट्ट्यातल्या अनेक घरांची आहे.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे, माल निर्यातीला जातो. एप्रिल २०२५ मध्ये निर्यातदाराचे पैसे आले, तेव्हा आई-वडील, आम्ही दोघं नवरा-बायको आणि दोन मुलं अशा सहा जणांची बार्सिलोनाहून निघणारी क्रूझ विमान तिकिटांसह बुक केली. ऑक्टोबर छाटणी भावावर सोपवून आम्ही जाऊन आलो. सहल छान झाली. पण १४ लाख ४० हजारांच्या पॅकेजवर कंपनीने १ लाख ३८ हजार रुपये टीसीएस म्हणून वेगळे घेतले होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असताना हा कर कशाचा? बुकिंग माझ्या पॅनवर झालं, सातबारा वडिलांच्या नावावर आहे आणि पैसेही त्यांच्याच खात्यातून माझ्या खात्यात आले होते. मी आजवर रिटर्न भरलेलं नाही. वडील म्हणतात, गेले ते गेले, नसती कटकट मागे लावून घेऊ नकोस. काय करावं?

उत्तर : वडिलांच्या मनातली धास्ती मी समजू शकतो, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. हे पैसे तुमचे आहेत आणि ते परत मिळतात.

टीसीएस हा सहलीवरचा वेगळा कर नाही. परदेश सहलीचं पॅकेज विकणाऱ्याने ग्राहकाकडून आधीच घेऊन त्याच्या पॅनवर सरकारजमा केलेली ती आगाऊ रक्कम असते. २०२५-२६ या वर्षाच्या नियमानुसार एका ग्राहकाच्या वर्षभरातल्या पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के घेतले जात होते. पहिल्या १० लाखांवर ५० हजार, उरलेल्या ४ लाख ४० हजारांवर ८८ हजार. कंपनीचा हिशेब बरोबर आहे. वर्षअखेरीस तुमचा प्रत्यक्ष कर जितका निघेल तितका यातून वळता होतो आणि बाकीचा परतावा मिळतो. तुमचं उत्पन्न फक्त शेतीचं असेल तर कर शून्य, म्हणजे पूर्ण १ लाख ३८ हजार परत. ठेवींचं व्याज, गाळ्याचं भाडं असं इतर उत्पन्न असेल आणि ते करपात्र मर्यादेच्या वर जात असेल, तर मात्र दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही हिशेबात धरलं जातं. तेव्हा ते लपवू नका.

परतावा रिटर्न भरल्याशिवाय मिळत नाही. आणि तुमच्या बाबतीत रिटर्न भरणं ऐच्छिक राहिलेलंच नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही परदेश प्रवासावर वर्षात २ लाखांपेक्षा जास्त खर्च केला, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरावंच लागतं. ही अट २०१९-२० या आर्थिक वर्षापासून लागू आहे आणि शेतकरी कुटुंबांना ती क्वचितच कुणी सांगतं. तिकीट विकणाऱ्याने ती सांगायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एप्रिलमध्ये भरलेली रक्कम २०२५-२६ या वर्षाची. तिचं रिटर्न ३१ जुलै २०२६ पर्यंत भरायचं आहे. शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असलं की आयटीआर-१ चालत नाही. दुसरा व्यवसाय नसेल तर आयटीआर-२ भरा. ते उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की खंडाची आणि बागायत की जिरायत, एवढी माहिती द्यावी लागते. त्यासाठी सातबारा आणि आठ-अ समोर ठेवा. त्याआधी आयकर पोर्टलवर २६-एएस हा करजमेचा उतारा उघडून १ लाख ३८ हजार दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर कंपनीकडे २७-डी हे टीसीएस प्रमाणपत्र मागा. एप्रिल ते जून या तिमाहीचं प्रमाणपत्र जुलैअखेर मिळायला हवं होतं. पॅन आधारशी जोडलेला असू द्या आणि परतावा ज्या बँक खात्यात यायचा ते पोर्टलवर आधी प्रमाणित करून घ्या. रिटर्न मुदतीत भरलं तर परताव्यावर १ एप्रिल २०२६ पासून दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळतं.

राहिला नोटिशीचा प्रश्न. कंपनीने टीसीएस भरला त्याच वेळी तुमचा पॅन आणि खर्चाची रक्कम आयकर खात्याकडे पोचली. रिटर्न न भरल्याने ती नोंद पुसली जात नाही, उलट पॅनवर १४ लाखांची सहल आणि रिटर्नचा पत्ता नाही, हेच प्रश्न विचारायला निमित्त ठरतं. विचारणा होईल ती पैसे कुठून आले याची. वडिलांकडून मुलाला मिळालेली भेट कितीही मोठी असली तरी करपात्र नाही. वडिलांच्या खात्यातून तुमच्या खात्यात आल्याची बँक नोंद आणि साध्या कागदावरचं, दोघांच्या सह्यांचं भेटपत्र एवढं पुरेसं आहे. त्यामागे वडिलांच्या नावचा सातबारा, निर्यातदाराची बिलं आणि रक्कम जमा झाल्याचा बँक उतारा जोडून ठेवा. मालाचा काही भाग स्थानिक व्यापाऱ्याला रोखीने गेला असेल तर त्याच्याही पावत्या जपा. सहलीचे पैसे मात्र कधीच रोखीत देऊ नका. एका व्यवहारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याची कंपनीला बंदी आहे, आणि रोखीची पावती तुमच्याही बाजूने लंगडी ठरते.

बुकिंगच्या वेळी एक करता आलं असतं. आई-वडिलांची तिकिटं वडिलांच्याच खात्यातून, त्यांच्या पॅनवर घ्यायची आणि तुम्हा चौघांची तुमच्या पॅनवर. याच पॅकेजमध्ये वडिलांच्या ४ लाख ८० हजारांवर २४ हजार आणि तुमच्या ९ लाख ६० हजारांवर ४८ हजार, म्हणजे एकूण ७२ हजारच अडकले असते. यात लबाडी नाही, कारण जो पैसे देतो तोच खरेदीदार दिसतो. पत्नी पगारदार असतील आणि काही तिकिटं त्यांच्या पैशांनी, त्यांच्या पॅनवर घेतली, तर त्यांना वर्षभर थांबायचीही गरज नाही: त्यासाठीचा फॉर्म कार्यालयात दिला की त्यांच्या नावचा टीसीएस पगारातून कापायच्या करात वळता होतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोडला राहते. मुलगी, जावई आणि नातीसह आम्ही चौघांनी ९ लाख २० हजार रुपये भरून क्रूझ केली. पत्रकात ‘व्हेनिसहून प्रस्थान’ असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. प्रत्यक्षात जहाज त्रिएस्ते बंदरावर उभं होतं आणि तिथवरच्या बसचे पैसे आमच्याकडूनच घेतले. सँटोरिनीला वाऱ्यामुळे उतरवलंच नाही. शेवटच्या रात्री बिलात माणशी दर रात्रीचा सर्व्हिस चार्ज लावलेला होता, त्याबद्दल आधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. कंपनीची शाखा नाशिकमध्ये आहे, पण पावतीमागे लिहिलंय की वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात. या वयात मुंबईच्या खेपा मला जमणार नाहीत. दाद मागावी का?

उत्तर : बाई, जरूर मागा, आणि ती नाशिकमध्येच मागा. पण तुमच्या तीन तक्रारी एका वजनाच्या नाहीत.

सँटोरिनीची तक्रार सोडून द्या. त्या बेटाशी समुद्र इतका खोल आहे की मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. वारा वाढला की त्या होड्यांत माणसं चढवणं धोक्याचं होतं. सुरक्षेसाठी बंदर टाळायचा अधिकार कप्तानाचा आहे आणि जहाजाच्या मालकालाही त्यात आडवं येता येत नाही, असा आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारातलाच नियम आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाच्या फार जवळून नेलं गेलं, खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्यांतला शेवटचा मृतदेह नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडला, तो जहाजावर वेटर असलेल्या मुंबईकडच्या एका तरुणाचा होता. तुमच्या कप्तानाने नातीला त्या होडीत बसवलं नाही, हे त्याने योग्यच केलं. हुकलेल्या बंदराचं शुल्क परत मिळालं का एवढं बिलात पाहा. तिथली स्थलदर्शनाची सहल वेगळे पैसे देऊन घेतली असेल तर ते पूर्ण परत मागा.

व्हेनिसची गोष्ट वेगळी आहे आणि इथे मला कंपनीचा राग येतो. २५ हजार टनांहून मोठ्या जहाजांना इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसच्या ऐतिहासिक पात्रात बंदी केली आहे. तेव्हापासून बरीच जहाजं त्रिएस्ते, राव्हेन्ना अशा बंदरांतून सुटतात. त्रिएस्ते व्हेनिसपासून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. हा धंदा करणाऱ्या कंपनीला २०२५ मध्ये हे ठाऊक नव्हतं, असं कुणी ग्राहक आयोगापुढे म्हणू शकणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येतच महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणं येतं, आणि दिशाभूल करणारी जाहिरात हा स्वतंत्र मुद्दा आहे. सर्व्हिस चार्जचंही तेच. सक्तीचा खर्च पॅकेजच्या किमतीसोबतच सांगायला हवा होता.

मुंबईच्या अटीने दबून जाऊ नका. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. तुमच्यासारख्या माणसांना दुसऱ्या शहरात हेलपाटे पडू नयेत म्हणूनच ती आली, आणि पावतीमागच्या बारीक अक्षरांनी संसदेने दिलेला हक्क जात नाही. लवादाची अट पुढे केली तरी तीच गत: तिच्यामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात सांगितलं आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमच्या ९ लाख २० हजारांना शुल्क २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

आधी कंपनीला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत द्या. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. पुष्कळ कंपन्या तिथेच नमतात. नाही जमलं तर ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते, जावई मदत करतील. पत्रक, पावती, व्हॉट्सॲपवरचे निरोप, बसची पावती आणि जहाजाचं शेवटचं बिल जोडा. मोबाइलवरचे निरोप पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लावा, म्हणजे तो मुद्दा निकालात निघतो. मागणी नेमकी ठेवा: बसभाडं, सर्व्हिस चार्ज, मानसिक त्रासाची वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. सगळे ९ लाख २० हजार परत मागू नका. सहल झाली, जेवण-खोली मिळाली, हे आयोगाला दिसतंच, आणि अवाजवी मागणीमुळे खऱ्या तक्रारीचं वजन कमी होतं. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, पण थांबू नका. पत्रकं आणि निरोप फार काळ जपले जात नाहीत.

प्रश्न : मे महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन ग्रीस आणि तुर्कस्तानच्या क्रूझचा विचार आहे. सासऱ्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. पैसे भरण्याआधी काय पाहावं? – इंदिरानगरहून एक वाचक

उत्तर : ग्रीस शेंगेनमध्ये आहे, तुर्कस्तान नाही. जहाज तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसला येणार असेल तर तो दुसरा प्रवेश धरला जातो, म्हणून शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. अर्जात जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा. तुर्कस्तानच्या परवानगीचं काय, हे कंपनीकडून लेखी घ्या. व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे कापणार, हेही टोकन देण्याआधीच लेखी हवं. आणि एकदम सगळी रक्कम भरू नका. मुंबईहून क्रूझ चालवणारी जलेश ही कंपनी २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये बंदही पडली. या धंद्यात जहाजं विकली जातात, कंपन्या बुडतात. हप्ते आणि त्यांच्या तारखा मागून घ्या.

विम्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण भरसमुद्रातून रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवण्याची वेळ आली तर मी त्यावर विसंबणार नाही. जास्त रकमेचा आणि क्रूझचा स्पष्ट उल्लेख असलेला विमा घ्या. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल थेट तुमच्या खोलीच्या खात्यावर पडतं, ते आधी भरून मग दावा करावा लागतो, तेव्हा प्रत्येक कागद घेऊनच उतरा. दावा नाकारला आणि विमा कंपनीकडे तक्रार करूनही महिन्यात दाद मिळाली नाही, तर नाशिकसाठी पुण्याचे विमा लोकपाल आहेत. एका वर्षाच्या आत जा, शुल्क लागत नाही. पण लोकपालही प्रस्तावाचा फॉर्मच आधी पाहतात. स्वस्त हप्त्यासाठी एजंट ‘आधीचा आजार नाही’ यावर खूण करायला सांगेल. ती करू नका. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी तारखेसह लिहा, जास्तीचा हप्ता भरा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत सोबत ठेवा.