जवानाला पाठवायची भेट

नवी मुंबईत, नेरूळ येथे, खाडीच्या काठी सारसोळे नावाचे एक जुने गाव आहे. १९७० नंतर हे नवे शहर वसू लागले, गावाच्या चोहोंबाजूंनी उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु तेथील आगरी-कोळी वस्तीचा खाडीशी असलेला संबंध तुटला नाही. श्रावणी पौर्णिमा ही कोळ्यांची नारळी पौर्णिमा होय. त्या दिवशी कोळीबांधव वाजतगाजत पाण्याकडे जातात व सागराला नारळ अर्पण करतात. होडी घेऊन गेलेला आपला माणूस सुखरूप घरी यावा, हीच त्यामागील प्रार्थना असते. ज्या घरचा माणूस पाण्यावर जातो, त्या घराला वाट पाहणे म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही.

मुलांनो, अशी वाट पाहणारी आणखी लक्षावधी घरे आपल्या देशात आहेत. ती सैनिकांची घरे होत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे ह्या गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. कारण तेथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी कोणी ना कोणी सैन्यात जातो. पहिल्या महायुद्धात ह्या एका गावातील ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक आजही गावात उभे आहे.

नारळी पौर्णिमा हीच राखी पौर्णिमा. त्या दिवशी महाराष्ट्रातील कितीतरी शाळांतून जवानांना राख्या जातात. दिवाळीत फराळाचे डबे जातात. समजा, तुमच्याच आळीतील एखादा दादा सैन्यात आहे. कालपरवापर्यंत तो तुम्हांला पोहायला शिकवीत होता, आज तो हिमालयात पहाऱ्यावर आहे. त्याला तुम्ही काय पाठवाल?

उत्तर देण्याची घाई करू नका. भेट निवडताना आपण बहुधा आपल्याला काय आवडते, ह्याचा विचार करतो. परंतु भेट घेणारा दुसराच असतो. तो कोठे आहे, त्याला काय चालते, त्याच्यापाशी कशाची उणीव आहे, हे मनात आणल्यावाचून निवडलेली भेट अर्धीच भेट होय.

ह्याचे एक जुने उदाहरण पाहा. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडची सतरा वर्षांची राजकन्या मेरी हिच्या नावाने निधी गोळा झाला व त्यातून नाताळासाठी सैनिकांना पितळेच्या छोट्या डब्या पाठविण्यात आल्या. बहुतेकांच्या भेटीत तंबाखू होता. परंतु तंबाखू न ओढणाऱ्यांना त्याऐवजी गोळ्या आणि लिहिण्याचे साहित्य देण्यात आले. त्या वेळी आपल्या देशाचे हजारो जवान फ्रान्समधील चिखलात व थंडीत लढत होते. त्यांचीही आठवण ठेवली गेली. शीख जवानांच्या भेटीत तंबाखू न घालता खडीसाखर व मसाल्याची डबी घातली होती. मसाल्याची ती डबी फार लहान असेल. परंतु परक्या मुलखात ती उघडताच आपल्या स्वयंपाकघराचा वास आला असेल, तेव्हा त्या जवानांना काय वाटले असेल बरे?

आता आपल्या देशातील गोष्ट ऐका. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने भारतावर आक्रमण केले. हिमालयाच्या उंच भागात आपले अनेक जवान अपुऱ्या कपड्यांनिशी कडाक्याच्या थंडीत लढत होते. ही वार्ता पसरताच देशभर घरोघरी स्त्रिया व मुली लोकर आणि सुया घेऊन बसल्या. स्वेटर, मोजे, हातमोजे, गळपट्टे विणले जाऊ लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्या दिवसांत विणलेला स्वेटर ही केवळ प्रेमाची खूण नव्हती. ती खरोखरीची गरज होती.

आज परिस्थिती बदलली आहे. सियाचीन हिमनदीवर आपले सैन्य १९८४ पासून खडा पहारा देत आहे. तेथील काही ठाणी वीस हजार फुटांहून उंच आहेत आणि हिवाळ्यात तेथे पारा शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत उतरतो. अशा ठिकाणी लागणारे खास कपडे, बूट व अन्न सरकार पुरविते. घरी विणलेल्या स्वेटरने तेथील थंडी अडणार नाही. मग आपण पाठवावे तरी काय?

सरकार सर्व काही पुरवू शकेल. परंतु आपल्या गावाची खबर सरकार पुरवू शकत नाही. ती गावानेच पाठविली पाहिजे. म्हणून आपल्या भेटीत आपले घर, आपली आळी, आपल्या हातांचे काम दिसले पाहिजे. बाजारातील झगमगीत राखी देशात कोठेही मिळते. सारसोळ्याच्या मुलाने पाठवावी ती सारसोळ्याची राखी. १ जून ते ३१ जुलै ह्या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. पावसाळ्याचे हे दिवस जाळी सांधण्याचे असतात. आजोबांच्या शेजारी बसा, त्यांच्याकडून जाळ्याची गाठ शिकून घ्या आणि त्याच सुताची राखी करा. पहिल्या चार राख्या वेड्यावाकड्या होतील. पाचवी बरी जमेल. ह्या गाठीचा एक गुण आहे: ताण पडला म्हणजे ती सुटत नाही, उलट अधिक आवळली जाते. राखीच्या धाग्याला ह्याहून शोभणारी गाठ कोणती?

राखी चपटी असावी. मोठमोठे मणी व आरसे लावलेली राखी पाकिटात चिरडते. शिवाय ती वेळेवर निघाली पाहिजे. पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात जागे होणाऱ्यांची राखी दादाला पौर्णिमेनंतर मिळते. पौर्णिमेपूर्वी पंधरा दिवस दिव्यांची अमावास्या येते. त्या दिवशी घरात दिवे उजळण्यापूर्वीच राखी टपालात पडलेली असावी.

दिवाळीच्या फराळाचेही असेच आहे. ओल्या नारळाची करंजी घरी कितीही गोड लागली, तरी ती वाटेत आंबते. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चकल्या, चिवडा हे पदार्थ टिकतात. कोळ्याच्या मुलाला वाटेल, की दादाला सुके बोंबील फार आवडतात, तेही घालावेत. हा विचार प्रेमाचा खरा. पण टपालाच्या एकाच पोत्यात कितीतरी घरांच्या भेटी असतात. आपल्या बोंबलांचा वास दुसऱ्या कोणाच्या लाडवांना लागला, तर तो जवान आपल्याला दुवा देईल काय? ते बोंबील दादा रजेवर येईल त्या दिवसासाठी राखून ठेवावेत. डब्याचे झाकण पक्के लावावे, मोकळ्या जागेत कागद कोंबावा, म्हणजे चकल्यांचा चुरा होत नाही. काड्यापेटी, अत्तर किंवा फुटणारे-पेटणारे काहीही त्यात घालू नये.

आता पत्त्याविषयी. सैनिकाच्या पत्त्यात त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव व तुकडी लिहितात आणि शेवटी '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.' असे लिहितात. ह्यांत कोणत्याही गावाचे नाव नसते. ५६ ची टपालपेटी दिल्लीस उघडते, तर ९९ ची कोलकात्यास. तेथे सैन्याच्या टपालसेवेतील माणसे प्रत्येक तुकडीचे टपाल वेगळे करतात. तुकडी आज कोठे आहे, हे त्यांना ठाऊक असते. पत्र लिहिणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. टपालखात्यातील कर्मचारीच सैनिकी गणवेश चढवून हे काम करतात. त्यांचे स्वतंत्र दल १ मार्च १९७२ रोजी स्थापन झाले. वाटेत बर्फ पडून खिंडी बंद होतात, विमाने अडकून पडतात, तरीही हे टपाल पुढे सरकत राहते. म्हणून "दादा, तू नक्की कोठे आहेस?" असे पत्रात विचारू नये. त्याचा पत्ता चारचौघांत सांगू नये. पार्सलाचे छायाचित्र काढून ते सर्वांना पाठवू नये. त्याचे ठिकाण गुप्त राखणे हीही आपण त्याला दिलेली एक भेटच आहे.

भेटीसोबत पत्र हवेच. आता घरोघरी फोन आहेत. मग पत्र कशाला, असे तुम्ही म्हणाल. परंतु उंच ठाण्यांवर फोन सदैव लागत नाही. शिवाय फोनवरचे बोलणे संपले की संपले. पत्र मात्र खिशात राहते आणि पहाऱ्यावरून परतल्यावर पुन्हा वाचता येते. पत्रात "आपण देशाचे वीर सुपुत्र आहात" अशी वाक्ये फार नसावीत. तशी वाक्ये तो भाषणांतून पुष्कळ ऐकतो. घरी ज्या नावाने हाक मारता, त्याच नावाने हाक मारा आणि साधी बातमी लिहा. ती कशी लिहावी, ह्याचा हा एक नमुना पाहा:

"दादूस, पावसाने खाडीकडची वाट चिखलाने भरली आहे. तुझ्या आजीने फाटलेले जाळे स्वतः सांधले. तिला आता कमी दिसते. तरी तिने सुई कोणाच्या हाती दिली नाही. तू लावलेला शेवगा छपराच्या वर गेला आहे. पहिल्या शेंगा तू आल्यावरच काढायच्या, असे आजीने बजावले होते. पण आम्ही चार काढल्या. तिला सांगू नकोस."

हे वाचून बर्फातील जवान हसेल. ते हसणे हीच तुमच्या भेटीची पोच समजा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पत्रात आजीची खबर लिहायची, तर आधी आजीकडे गेले पाहिजे. तिला दिसत नसेल, तर तिच्या मुलाचे वा नातवाचे पत्र वाचून दाखवावे, तिचे औषध आणून द्यावे, पाऊस आला तर तिचे वाळवण उचलावे. "घरी सर्व ठीक आहे" हे चार शब्द लिहिणे सोपे आहे. ते खरे ठरतील असे वागणे, ही सर्वांत मोठी भेट होय आणि तिला टपालाचे तिकीटही लागत नाही.

युद्ध सुरू झाले म्हणजे सारा देश जवानांची आठवण काढतो. १९६२ मध्ये तसे झाले, १९६५ व १९७१ मध्ये झाले, १९९९ मध्ये कारगिलच्या वेळीही झाले. तोफा थांबल्या की ती आठवण पातळ होते. परंतु जवानाचा पहारा शांततेच्या काळातही चालूच असतो. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण निधीला हातभार लावतो, छातीवर छोटा ध्वज लावतो. तो ध्वज संध्याकाळी उतरवला जातो; पत्र मात्र वर्षातून चार वेळा तरी जावे. भेट मोठी असण्यापेक्षा ती पुन्हापुन्हा जाणे अधिक मोलाचे. जाळे एका गाठीने होत नाही. गाठीला गाठ जोडत गेले, म्हणजेच ते समुद्र पेलण्याजोगे होते.

स्वाध्याय

१. राजकन्या मेरी हिच्या नावाने पाठविलेल्या भेटींतून कोणता विचार दिसतो?

२. १९६२ मध्ये स्वेटर ही गरज होती. आज जवानाला गावाची खबर हवी असते. असे का?

३. सैनिकाच्या पत्त्यात गावाचे नाव का नसते?

४. "त्याचे ठिकाण गुप्त राखणे हीही एक भेटच आहे" ह्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

५. तुमच्या गावात हाताने तयार होणारी एखादी वस्तू निवडा. ती जवानाला पाठविताना काय काळजी घ्याल, ते दहा ओळींत लिहा.

६. तुमच्या आळीतील आठ दिवसांच्या बातम्या कळविणारे पत्र एका जवानास लिहा. त्यात एक तरी बातमी अशी असावी, की ती वाचून त्याला हसू येईल.