जुना वाडा, नवे बिऱ्हाडकरू

प्रत्येक गावात एखादी इमारत अशी असते, की रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तिचेच नाव घ्यावे लागते. सरदाराचा वाडा, बंद पडलेले टॉकीज, शंभरी गाठलेले वाचनालय. अशी इमारत मिळण्याची शक्यता आपल्याला दिसली आहे आणि तिथे चार-सहा सामाजिक संस्थांनी एकत्र नांदावे असे ठरले आहे, हे धरून पुढची पावले दिली आहेत. क्रम मात्र बदलू नये. पुष्कळ ठिकाणी रंगरंगोटी आधी होते, कागद मागून येतात आणि काम तिथेच अडते.

१. मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही तपासाव्यात. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी आणि वकिलाकडून मागील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेवरचे खरेदी-गहाण व्यवहार शोधून दिलेला अहवाल, घ्यावा. त्यानंतर प्रत्यक्ष जागेवर जाऊन कोणत्या खोलीत कोण आहे याची यादी करावी. तळमजल्यावरचे दुकान, जिन्याखालचा शिंपी, कुलूप लावून गेलेला भाडेकरू, सगळे त्या यादीत हवेत. फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे सुरू केली, त्या पुण्याच्या भिडे वाड्यातील स्मारकाचा प्रश्न भाडेकरू आणि महापालिका यांच्यातील दाव्यात वर्षानुवर्षे अडकून पडला. निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन महापालिकेच्या बाजूने लागला, पण वाडा तोवर जीर्ण झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. तेव्हा भाडेकरूंशी बोलणी पहिल्याच महिन्यात सुरू करावीत. त्यांपैकी एखाद्याला नव्या व्यवस्थेत सामावून घेता आले, तर वाद टळतोच, शिवाय दिवसभर वाड्यात कोणीतरी असते.

२. इमारत वारसा यादीत आहे का, हे महापालिकेत किंवा नगरपरिषदेत विचारावे. मुंबईत वारसा इमारतींसाठी नियमावली १९९५ मध्ये आली. देशातली ती पहिली. साधारणपणे पहिल्या श्रेणीत फेरबदलाला जवळजवळ वाव नसतो, दुसरीत आतल्या भागात मर्यादित आणि तिसरीत त्याहून अधिक असतो. केंद्र-संरक्षित स्मारक शंभर मीटरच्या आत असेल, तर नवे बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते.

३. आता स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या ताकदीची अभियंत्याकडून तपासणी. सिमेंट-काँक्रीटचा अनुभव असलेला अभियंता वाड्याला पुरेलच असे नाही. लाकूड, वीट आणि चुना ओळखणारा शोधावा. तो येण्यापूर्वी आपणही एक गोष्ट करून पाहावी. सागवानी तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते, तिथे हातोडीच्या दांड्याने हलके ठोकावे. लाकूड निरोगी असेल तर आवाज टणक येतो. वाळवीने किंवा ओलीने आतून खाल्ले असेल तर भद्द वाजतो. भिंतीतले हे टोकच आधी कुजते, कारण त्याला वारा लागत नाही. मधली तुळई काळीभोर आणि सुंदर दिसते म्हणून फसू नये.

दुरुस्ती चुन्यातच करावी. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. मी ज्यांना सल्ला देत होतो, अशा एका मंडळाने वर्धापनदिनाच्या घाईत दर्शनी भिंत सिमेंटने गुळगुळीत करून घेतली. दोन पावसाळ्यांत ती फुगली आणि गिलावा काढताना जुन्या विटांची तोंडेही निघाली. चुना मुरवायला वेळ लागतो. तो वेळ वेळापत्रकात आधीच धरावा.

४. आज त्या जागेचा वापर कोण करते, हे आठवडाभर बसून पाहावे. सकाळी ओसरीवर वर्तमानपत्र वाचणारे आजोबा, दुपारी सावलीला टेकणाऱ्या भाजीवाल्या, संध्याकाळी चौकात कॅरम मांडणारी पोरे. एका ठिकाणी ओसरीवरचा बाक हलवून तिथे स्वागतकक्षाचे टेबल मांडले गेले. आजोबा यायचे थांबले, आणि शेजारपाजारच्या तक्रारी सुरू झाल्या. बाक जागेवर ठेवावा. टेबलाला आत जागा आहे.

५. चालवणार कोण, हे लेखी ठरवावे. मालक, पैसा देणारा आणि कारभार पाहणारा ही तीन माणसे वेगळी असू शकतात, किंबहुना असावीत. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचे; २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा-जतनाचे काम करणारी इंटॅक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि २००८ मध्ये ते लोकांसाठी पुन्हा खुले झाले. आपला व्याप लहान असला तरी कराराची ही पद्धत उपयोगी पडेल. कोणाची जबाबदारी कुठे संपते, मतभेद झाल्यास निर्णय कोणाचा आणि एखादी संस्था बाहेर पडली तर तिने केलेल्या खर्चाचे काय, ही तीन कलमे तरी हवीतच.

६. इमारत सार्वजनिक न्यासाची असेल, तर तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आतल्या संस्थांना जागा देताना सहसा लीव्ह अँड लायसन्स करार करतात. त्यात वापराची परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असा समज सर्रास आढळतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. नोंदणी करावीच लागते.

७. पैशांचे दोन हिशेब करावेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिला दुरुस्तीचा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी मदत मागता येते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत त्याचा उल्लेख आहे. टोरांटोच्या सेंटर फॉर सोशल इनोव्हेशनने २०१० मध्ये इमारत घेताना नागरिकांना रोखे विकून पैसा उभा केला. कल्पना मोहक आहे, पण आपल्याकडे लोकांकडून परतफेडीच्या बोलीवर पैसे घेण्यावर कडक निर्बंध आहेत. सनदी लेखापालांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

दुसरा हिशेब महिन्याचा, आणि अशा जागा बंद पडतात त्या बहुधा याच हिशेबावर. वीज, झाडलोट, पहारा, विमा, मालमत्ता कर आणि छपरासाठी बाजूला ठेवायची रक्कम, सगळे त्यात मांडावे. समजा, हा खर्च साठ हजार रुपये आणि देण्याजोगी जागा दोन हजार चौरस फूट आहे. सरळ भागाकाराने चौरस फुटाला तीस रुपये येतात. पण सगळ्या खोल्या सदैव भरलेल्या राहत नाहीत. सत्तर टक्के भरतील असे धरले तर दर त्रेचाळीसच्या आसपास जातो. लहान संस्थेला सवलत द्यायची असेल, तर ती कोणाच्या भाड्यातून निघणार हेही त्याच कागदावर लिहावे. भाड्याने दिलेल्या भागाला मालमत्ता करात सूट मिळेल, असे गृहीत धरू नये.

८. खोल्यांची वाटणी आवाज आणि दार पाहून करावी. कडीपाटाच्या, म्हणजे तुळयांवर फळ्या टाकून केलेल्या, तक्तपोशीतून वरचे बोलणे खाली स्पष्ट ऐकू येते. पथनाट्याच्या तालमीखाली महिला समुपदेशन केंद्र ठेवले, तर दोघांचेही काम होत नाही. समुपदेशनाला मागच्या बोळातले दार द्यावे. येणाऱ्या बाईला चौकात बसलेल्या दहाजणांसमोरून जावे लागू नये. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा धरतात. जोते अडीच फूट असेल, तर उतार तीस फूट लांब होतो. एवढी जागा दर्शनी भागात क्वचितच असते, म्हणून तो कुठून घ्यायचा हे नकाशाच्या पहिल्या दिवशीच ठरवावे. विजेचा मंजूर भार आणि लाकडी जिन्याशिवाय बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग हेही त्याच बैठकीत पाहावे. अग्निसुरक्षा यंत्रणा बसवल्यावर ती चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत लागते.

९. सगळ्या खोल्या एकदम देऊ नयेत. दोन संस्थांपासून सुरुवात करावी आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. जुलैतल्या एखाद्या झडीच्या रात्री विजेरी आणि खडू घेऊन वाडाभर फिरावे. जिथे थेंब पडेल तिथे जमिनीवर फुली मारून तारीख लिहावी. सकाळी सुतार आणि कौले चाळणारा माणूस आला, की त्याला त्या फुल्या दाखवाव्यात. उरलेल्या खोल्यांचे करार दिवाळीनंतर करावेत.