पोटावरील पिशवी आणि रुग्णांचा सोबती-गट

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके निघाले, की रुग्ण बरा झाला असे आपण समजतो. परंतु आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या विकारामुळे ज्याचा मलमूत्राचा मार्ग पोटावर काढून तेथे पिशवी बसविली आहे, त्याची खरी अडचण घरी परतल्यावर सुरू होते. या मार्गास स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असल्यास कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असल्यास इलिओस्टोमी व मूत्राचा असल्यास युरोस्टोमी. काहींचा स्टोमा कालांतराने बंद करता येतो. काहींना तो जन्मभर सांभाळावा लागतो.

सिंधुदुर्गातील रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. शस्त्रक्रिया करणारे तिकडे राहतात आणि रुग्ण मालवण-देवगडच्या एखाद्या वाडीत एकटा पडतो. पिशवी गळेल, वास येईल, या धास्तीने तो जत्रा, भजन, लग्नकार्य टाळू लागतो.

या एकटेपणावर उपाय प्रथम रुग्णांनीच शोधला. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी 1958 साली नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी झालेल्या महिलेस अशा रुग्णांच्या मदतीसाठी नेमले. स्टोमा-परिचर्येचे शिक्षण त्यातूनच उभे राहिले. आपल्याकडे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा चिकित्सालय आहे, तसेच ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटनाही मुंबईत कार्य करते. गट सुरू करणाऱ्यांनी प्रथम तेथे संपर्क साधावा.

ओरोस येथील शासकीय रुग्णालयात असा गट सुरू करावयाचा झाल्यास एक शल्यचिकित्सक, एक आस्थेवाईक परिचारिका व पिशवीसह नेटाने जगणारे दोन-तीन रुग्ण एवढे भांडवल पुरेसे आहे. अनुभवी रुग्णाने नव्या रुग्णास, डॉक्टरांच्या संमतीने, शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वीच भेटावे. स्त्रीरुग्णास स्त्रीनेच भेटावे. औषधोपचार सांगणे हे भेटणाऱ्याचे काम नव्हे. नीटनेटक्या कपड्यांत तो समोर बसला, यानेच अर्धे काम होते. रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे नाव ग्रामपंचायतीसही कळवू नये.

सभेत बोलावयाचे विषय अगदी घरगुती आहेत. पिशवी एक-तृतीयांश भरताच रिकामी करावी. चकतीचे छिद्र स्टोमाहून दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आक्रसतो, म्हणून माप पुन्हा घ्यावे. जुन्याच मापाने कापल्यास कातडी सोलवटते. किनाऱ्यावरील दमट हवेत चकती लवकर सुटते, ही गोष्ट शहरी माहितीपत्रकांत क्वचितच सापडते. इलिओस्टोमी असलेल्याच्या शरीरातून पाणी व मीठ दोन्ही जातात. उन्हाळ्यात नुसते पाणी पुरत नाही, मीठ घातलेली पेज किंवा जलसंजीवनी घ्यावी. मासळीस सहसा हरकत नसते; मात्र सुके खोबरे, काजू व फणसाचे चोथट गरे नीट न चावता खाल्ल्यास आतड्यात अडकू शकतात. पोटात कळा येऊन पिशवीत काहीच उतरेनासे झाले, तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे. रापण ओढणाऱ्याने कामावर केव्हा परतावे, हे शल्यचिकित्सकास विचारूनच ठरवावे, कारण जोर पडून स्टोमाशेजारी अंतर्गळ होण्याचा धोका असतो.

पिशव्यांचा खर्च हा सर्वांत नाजूक विषय होय. परवडत नाही म्हणून एकच पिशवी दिवसेंदिवस वापरणारे आहेत. त्यांच्यासाठी रुग्णालयात लहानसा साठा ठेवण्याच्या कामी पंचायत समितीने लक्ष घालावे.

सभा महिन्यातून एकदा पुरे. तिची वेळ मात्र मालवण, वेंगुर्ले व देवगडकडे परतणाऱ्या एस. टी. गाड्या पाहूनच ठरवावी. एकदा शेवटची गाडी चुकलेला रुग्ण पुढच्या सभेस येत नाही.