‘ग्रेनेड’ शब्दांतील डाळिंब

युद्धाच्या बातम्यांत ‘ग्रेनेड’ हा शब्द वारंवार येतो. मराठींत आपण त्यास हातबाँब म्हणतों. परंतु ग्रेनेड म्हणजे मुळांत डाळिंब, हें विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

लॅटिन भाषेंत ‘ग्रानुम’ म्हणजे दाणा व ‘ग्रानातुम’ म्हणजे दाणेदार. त्यावरूनच डाळिंबाचें फ्रेंच नांव ‘ग्रेनाद’ आलें. सोळाव्या शतकांत, दारू भरून हातानें फेकावयाच्या लहान पोकळ गोळ्यासही लोक तेंच नांव देऊं लागले. साम्य बाहेरून होतें तसें आंतूनही होतें: अंग वाटोळें, वात खोवलेलें तोंड जणूं फळाचा मुकुट, आणि पोटांत दारूचे कण. आमच्या कवींना डाळिंबाच्या दाण्यांत सुंदर दंतपंक्ति दिसली. तिकडील सैनिकांना दारूगोळा दिसला! ‘बाँब’ शब्दाची गोष्ट निराळी. तो ग्रीक ‘बोंबोस’, म्हणजे घुमणारा आवाज, यापासून निघाला. तेथें नांव कानानें ठेविलें, येथें डोळ्यांनीं.

हे गोळे फेकणारे ते ग्रेनेडियर. १६६७ सालीं फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें आपल्या एका पलटणींत असे शिपाई नेमिले. वात पेटवून जड लोखंडी गोळा हातांत फुटण्यापूर्वीं दूर फेकावयाचा, म्हणून उंच, बळकट व धीट माणसेंच निवडीत. अठराव्या शतकांत गोळे मागें पडले. नांव मात्र मानाचें म्हणून टिकलें. मुंबई इलाख्यांत १७७९ सालीं ग्रेनेडियर पलटण उभी राहिली, ती याच मानाची. आजच्या भारतीय सैन्यांतील ग्रेनेडियर्स तिचेच वारस होत. पुढें १९१४-१८ च्या महायुद्धांत सैन्यें खंदकांत समोरासमोर बसलीं, तेव्हां गोळाही परत आला. खांचा पाडलेल्या गोळ्यास अमेरिकन शिपाई ‘अननस’ म्हणूं लागले. फळांचा मोह कांहीं सुटला नाहीं!

बायबल वाचणारास मात्र यांतील एक गोष्ट बोचल्याशिवाय राहत नाहीं. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत अहरोनाच्या झग्याच्या घेरास रंगीत सुताचीं डाळिंबें व त्यांच्या मधून सोन्याचीं घुंगरें लावण्याची आज्ञा आहे. याजक पवित्रस्थानांत जातां-येतां त्यांचा नाद ऐकूं यावा व त्यास मरण येऊं नये, हा तिचा हेतु. तेथें डाळिंबास मूळ हिब्रू शब्द ‘रिम्मोन’ असा आहे. आजच्या इस्राएलांत बाजारांतील डाळिंबास हाच शब्द चालतो, आणि शिपायाच्या हातांतील बाँबासही हाच.