हिस्टामिन, आंत्रस्नायू व उदरशूल

तळीयेसारख्या समुद्रापासून दूरच्या गावी बर्फाविना आलेला बांगडा खाऊन मुख लाल होणे, शिरःशूल, उदरशूल व अतिसार ही लक्षणे दिसल्यास आम्ही केवळ अजीर्णाचे निदान करीत नाही. अशा माशातील हिस्टिडिनपासून जीवाणू हिस्टामिन बनवितात. ते शिजवूनही नष्ट होत नाही.

हिस्टामिनमुळे अनैच्छिक स्नायू आकुंचन पावतात, हे डेल व लेडलॉ यांनी १९१० मध्ये दाखविले. आंत्रस्नायूतील एच-१ ग्राही उद्दीपित होताच पेशीतील कॅल्शियम वाढून आकुंचन होते. एच-२ ग्राहींचे प्रमुख कार्य आमाशयातील अम्लस्राव वाढविणे हे होय. म्हणून केवळ अम्लपित्ताची गोळी येथे पुरेशी नाही.

पंक्तीतील अनेकांना एकाच वेळी त्रास झाला काय, हे औषध विक्रेत्यांनीही विचारावे. श्वासकष्ट वा ग्लानी असल्यास रुग्णास विनाविलंब महाडला रुग्णालयात पाठवावे.