उघडं राहिलेलं लॉगिन

मित्रांनो, मेसची वेळ झाली किंवा पापडीची बस सुटतेय म्हणून लॅबमधून पळता, पण लॉगआउट करता का? तुमच्या उघड्या लॉगिनवर मागून येणारा कुणीही तुमचं सबमिशन पुसू शकतो.

लिनक्सवर 'डब्ल्यू' ही कमांड दिली की कोण लॉगिन आहे, किती वेळ आयडल आहे आणि काय चालवतोय ते दिसतं. सिस्टमडी (2010) असलेल्या मशीनवर 'लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स' प्रत्येक सेशनचा नंबर देतं. त्या नंबरावर:

१. 'लॉक-सेशन': डेस्कटॉपला कुलूप लागतं, काम शाबूत.
२. 'टर्मिनेट-सेशन': त्यातले सगळे प्रोग्राम बंद. सेव्ह न केलेलं गेलंच!

दुसऱ्याच्या सेशनला हात लावायला रूटचा अधिकार लागतो. आणि लक्षात ठेवा, आयडल म्हणजे रिकामा नव्हे. कुणाचं रात्रभराचं सिम्युलेशन चालू असेल. आधी विचारा, मग लॉक करा, टर्मिनेट अगदी शेवटी.